प्रमाण दात

जन्माची रेषा बारा मायक्रॉन रुंद असते. डोक्यावरच्या केसाच्या जाडीचा साधारण सहावा हिस्सा. दुधाच्या दाताचा पातळ काप करून तो भिंगाखाली धरला की ती दिसते: थोडी गडद, थोडी वाकडी, दाताच्या कडेला धरून जाणारी. रेषेच्या आतलं एनॅमल, म्हणजे दाताचं टणक कवच, आईच्या पोटात तयार झालेलं असतं, बाहेरचं जन्मानंतर. मूल जन्मतं, श्वास घ्यायला शिकतं, नीट दूध प्यायला लागेपर्यंत दोन-तीन दिवस जातात. तेवढ्या काळात दाताची वाढ अडखळते आणि ती अडखळ दातात कायमची राहते.

गेली बावीस वर्षं मी अशा रेषा बघते आहे. त्यांतली सर्वांत जुनी सव्वातीन हजार वर्षांपूर्वीची होती. सर्वांत ओळखीची माझी स्वतःची.

जुन्या रेषा बोरखळीच्या. प्रवरेच्या काठावरचं हे गाव. गावाच्या पश्चिमेला एक टेकाड आहे, त्याची माती राखेसारखी फिकी. लोक त्याला पांढर म्हणतात. जिथे कधीकाळी वस्ती होऊन गेली ती पांढर आणि जिथे पीक येतं ती काळी, हा भेद आपल्याकडे फार जुना आहे. आमच्या संस्थेनं तिथे सहा हंगाम उत्खनन केलं. तांब्याची आणि दगडाची हत्यारं एकाच वेळी वापरणाऱ्या शेतकऱ्यांची घरं निघाली. चुली, रांजणांची बुडं, जळलेले जव. आणि घरांच्या जमिनीखाली चौदा ठिकाणी मातीच्या कुंभांच्या जोड्या, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या. प्रत्येक जोडीत एक लहान मूल.

ही मुलं कुणाची, हा प्रश्न मला सोडवायचा होता. त्यासाठी माझ्याकडे स्तरवाचक होता.

या यंत्राचं तत्त्व अवघड नाही. खडकांत स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य असतं. त्याचे काही अणू हलके, काही जड. खडक जितका जुना, तितकं त्यातल्या जड अणूंचं प्रमाण सहसा जास्त. महाराष्ट्राचा बराचसा भाग सहा-साडेसहा कोटी वर्षांच्या काळ्या बेसाल्टवर बसला आहे, त्यामुळे तिथे हे प्रमाण कमी. पूर्व विदर्भात, ब्रह्मपुरीच्या परिसरात, अब्जावधी वर्षांचे खडक आहेत, तिथे ते जास्त. खडकातून स्ट्रॉन्शियम पाण्यात येतं, पाण्यातून धान्यात, धान्यातून आईत आणि आईतून बाळाच्या दातात. पूर्वी हे मोजायला दाताची पूड करावी लागे आणि सगळ्या दिवसांची मिळून एकच सरासरी हाती येई. स्तरवाचक एनॅमलचा एकेका दिवसाचा थर स्वतंत्रपणे वाचतो. आई गरोदरपणी कोणत्या खडकावरचं पाणी पीत होती आणि मूल जन्मानंतर कितव्या दिवशी दुसऱ्या गावी गेलं, ते तो सांगतो.

पण कोणत्याही यंत्राला आधी एक खात्रीचं माप दाखवावं लागतं. इथे ते माप म्हणजे असा दुधाचा दात, ज्याच्या मालकाचं जन्मगाव पक्कं ठाऊक आहे आणि जो घरच्या विहिरीच्या पाण्यावर नि घरच्या धान्यावर वाढला आहे. सहकाऱ्यांनी आपापल्या मुलांचे दात आणून दिले होते. ते सगळे निरुपयोगी ठरले. बाटलीतलं पाणी, पंजाबचा गहू, कुठून कुठून आलेल्या डाळी. त्या दातांवरून मुलं भारतात जन्मली एवढंच सांगता आलं असतं.

म्हणून मी आईकडे माझा दात मागितला. मी एकोणीसशे एकोणनव्वद सालची, ब्रह्मपुरीची. घरची विहीर, मामाच्या शेतातला तांदूळ. माझा पहिला पडलेला दात आईनं कुंकवाच्या जुन्या करंड्यात जपून ठेवला होता. तिनं तो काही न विचारता दिला.

यंत्रानं माझा दात वाचला. जन्मरेषेच्या बाहेरचं वाचन, सुरुवातीचे काही दिवस सोडले तर, ब्रह्मपुरीशी तंतोतंत जुळलं. आतलं जुळलं नाही; ते बेसाल्टचं आलं. रेषेनंतरचे एकोणीस दिवसही बेसाल्टचेच, मग एकदम चढ. मी पाच वेळा वाचन घेतलं. कुंकवामुळे असेल म्हणून दात तीन प्रकारे धुतला. फरक पडला नाही. रेषेनंतरचे एकोणीस दिवस मी जन्माच्या अडखळीतलेच धरून सोडून दिले. तेव्हा मी निष्कर्ष काढला, की पोटात तयार झालेलं एनॅमल जास्त सच्छिद्र असल्यामुळे यंत्र त्याचं वाचन कमी दाखवतं. किती कमी, ते माझ्या दातावरून काढलं आणि जन्माआधीच्या प्रत्येक वाचनात तेवढी भर घालायची असा नियम केला. माझा शोधनिबंध तपासणाऱ्या परीक्षकांपैकी एकानं विचारलं होतं, की एकाच दातावर विसंबणं योग्य आहे का. मी उत्तर पाठवलं होतं, की या दाताच्या जन्मगावाविषयी शंकेला जागा नाही.

त्या नियमानं बोरखळीची चौदाच्या चौदा मुलं परकी ठरली. जन्माआधी पूर्वेकडच्या जुन्या खडकांवर, जन्मानंतर प्रवरेकाठी.

माझ्या अहवालात इतकंच होतं. आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. मेघश्याम सबनीस यांनी पत्रकारांसमोर एक पाऊल पुढे टाकलं. दूरवरून आणलेली तान्ही मुलं घराच्या जमिनीखाली पुरली आहेत, तेव्हा वास्तूसाठी दिलेले बळी कदाचित असू शकतील, असं ते म्हणाले. वाहिन्यांनी त्यातलं ‘कदाचित’ गाळलं. महिन्याभरात बोरखळीच्या फाट्यावर बळीचं टेकाड असा फलक लागला. शनिवार-रविवारी लोक गाड्या घेऊन येऊ लागले, पांढरीवर उभे राहून स्वतःचं चित्रीकरण करू लागले आणि गावातल्या म्हाताऱ्यांना विचारू लागले, की अजून चालतं का.

हे तीन वर्षं चाललं.

गेल्या फेब्रुवारीत मथाबाई वाकचौरे संस्थेत आल्या. वय चौऱ्याहत्तर. पहाटेच्या बिनचालकाच्या बसनं एकट्या आल्या होत्या आणि तिच्यावर चिडल्या होत्या, कारण बसला थांब म्हणून सांगायला माणूसच नव्हता. उत्खननात त्या आमच्याकडे चाळणीच्या कामावर होत्या. चाळणीतून एक मणीही सुटू न देणारी बाई म्हणून मला आठवत होत्या. त्यांनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. आत कापसावर पाच दुधाचे दात होते.

त्यांच्या घराची कौलं उतरवून स्लॅब टाकायचं काम चालू होतं. त्यांच्याकडे मुलाचा दात पडला की तो कौलांवर फेकायची रीत. कौलांखाली, भिंतीच्या माथ्यावरच्या मातीत हे पाच अडकून राहिले होते. त्या आणि त्यांची भावंडं, सगळी त्याच घरात जन्मलेली, त्याच आडाच्या पाण्यावर वाढलेली.

“कुठला कुणाचा ते इचारू नका, मॅडम,” त्या म्हणाल्या. “किडका तेवढा माझ्या थोरल्या भावाचा. गूळ चोरायचा तो. आता तुमच्या यंत्राला इचारा, आम्ही कुठले.”

नातीला तालुक्याच्या कॉलेजात बळीवाली म्हणतात, हे त्यांनी नंतर, चहा पिताना सांगितलं. सांगताना आवाज चढवला नाही.

खरं तर हे दात मला तीन वर्षांपूर्वीच शोधायला हवे होते. मी पाचही वाचले. मथाबाई शेजारी स्टुलावर बसून होत्या. पडद्यावर जे उमटलं ते मी त्यांना सांगितलं, कारण त्यांनी विचारलं. यंत्राच्या मते पाचही मुलं पोटात असताना त्यांची आई पूर्व विदर्भात होती.

“माझी आई नाशकापल्याड कधी गेली न्हाई,” मथाबाई म्हणाल्या. “आमची सगळ्यांची बाळंतपणं आजीनं केली. तुमचं यंत्र खोटं बोलतंय, न्हाईतर कुणीतरी त्याला खोटं शिकिवलंय.”

त्या गेल्यावर मी माझा नियम काढून टाकला आणि पाचही दात पुन्हा तपासले. पाचही बोरखळीचे निघाले, रेषेच्या आत आणि बाहेर. मग चौदा मुलांची मूळ वाचनं उघडली. तीही बोरखळीचीच. चौथ्या घरातलं मूल जन्मानंतर नऊ दिवस जगलं होतं, सातव्या घरातलं पाच महिने. सगळी त्याच नदीच्या पाण्यावर वाढलेली, आधी आईच्या पोटात आणि मग बाहेर. कुणी कुणाला दुरून आणलं नव्हतं. घरात जन्मलेली आणि घरात गेलेली मुलं आईबापांनी पायाखालच्या जमिनीत, स्वतःजवळ ठेवली होती. त्यांतलं एखादं तरी बाहेरचं निघावं अशी मी त्या संध्याकाळी आशा केली, हे कबूल करते. एकही निघालं नाही.

यंत्र पहिल्यापासून बरोबर होतं. म्हणजे माझ्या दातानंही खरंच सांगितलं होतं. मी बेसाल्टवर कुठेतरी पोटात वाढले, तिथे जन्मले आणि विसाव्या दिवशी माझं पाणी बदललं.

मी दुसऱ्या दिवशी सबनीसांना चुकीबद्दल सांगितलं, कारणासकट. ते वाईट माणूस नाहीत. त्यांनी दार लावून घेतलं, मला पाणी दिलं आणि म्हणाले, की घरातली गोष्ट जगाला सांगायची गरज नाही. प्रमाण नमुना दूषित आढळला, एवढं एक वाक्य लिहू. सगळे लिहितात. कुणी विचारत नाही.

वाक्य सोपं होतं. अडचण एवढीच, की ते खरं नव्हतं. दात दूषित म्हटला, की यंत्रानं दूषित दात ओळखला नाही असं ठरतं. मग त्याच यंत्राच्या जोरावर चौदा मुलं बोरखळीची आहेत हे कसं म्हणणार? संशय दोन्हीकडे राहिला असता. फाट्यावरचा फलकही राहिला असता. खरं कारण लिहिलं तरच मुलांची सुटका होत होती. आणि खरं कारण लिहायचं तर मला ते समजल्याचं माझ्या ब्याऐंशी वर्षांच्या आईला शोधनिबंधातून कळता कामा नये.

मी तीन महिने काहीच केलं नाही. रोज कामावर जात होते. दर रविवारी आईशी फोनवर बोलत होते. ती गुडघ्याचं सांगायची, मी जेवणाचं. मथाबाईंचा दोनदा निरोप आला. तपासणी चालू आहे, असं मी कळवलं. तेही खरं नव्हतं.

मे महिन्यात ब्रह्मपुरीला गेले. आई कूलरसमोर बसून तांदूळ निवडत होती. जेवून आलीस की नाही ते आधी सांग, म्हणाली. ती छत्तीस वर्षं शाळेत शिक्षिका होती आणि माझं काम तिला समजावून सांगायची मला सवय आहे, म्हणून मी तशीच सुरुवात केली. खडक, पाणी, दात. मथाबाईंचे पाच दात. मग माझा. एकोणीस दिवसांपर्यंत आले.

आईचे हात सुपात थांबले होते.

“म्हणजे पाच वर्षं तुला माहीतच नव्हतं?” तिनं विचारलं.

मी नाही म्हणाले.

“तू दात मागायला आलीस तेव्हाच मी समजले, की आता हिला कळणार. यंत्र काय सांगतं ते मी पेपरात वाचलं होतं. दात दिला, आणि तू गेल्यावर रडले थोडी. मग वाटलं, बरं झालं बाप्पा, आता मला तोंडानं सांगावं लागणार नाही. दिवाळीला आलीस, तर तशीच हसत. मला वाटलं, हिला कळलं आणि हिनं ते पोटात घातलं. मी कोणत्या तोंडानं विषय काढणार होते?”

“मला कळलं नाही, आई. मी यंत्रच दुरुस्त केलं.”

तिनं चष्मा काढला. आधी मला वाटलं ती रडते आहे. ती हसत होती, आवाज न करता, खांदे हलवत.

“शाळेतही अशीच होतीस,” ती म्हणाली. “उत्तर जुळलं नाही की पुस्तकात चूक आहे म्हणायचीस.”

मीही हसले. मग आम्ही दोघी बराच वेळ थांबलो नाही, आणि हसता हसता जे दुसरं व्हायचं तेही झालं. छातीवर इतके दिवस काहीतरी ठेवलेलं होतं, ते उचललं गेल्यावरच त्याचं वजन कळलं. तिच्या छातीवर तर ते त्रेपन्न वर्षं होतं.

बाकीचं तिनं तांदूळ निवडत सांगितलं. तिची तीन मुलं पोटातच गेली होती. बाबा वनखात्यात, त्यांच्या ओळखीतून आर्वीकडच्या, काळ्या बेसाल्टवरच्या एका खेड्यातून निरोप आला. बाळंतपणात आई गेलेली, घरात आणखी तीन लेकरं, बापाला काय करावं सुचत नव्हतं. रीतसर कागद केले होते. ते तिच्या पेटीत आहेत आणि मला हवे तेव्हा बघावेत. बाबांनी मात्र शपथ घातली होती, की मुलीला कधी परकं वाटता कामा नये. ते गेल्यावर शपथेतून मोकळं करणारं कुणी उरलं नाही.

“वीस दिवसांची होतीस,” ती म्हणाली. “टोपलीत नव्हतं आणलं, सिनेमात आणतात तसं. माझ्या मांडीवर झोपून आलीस, एस.टी.नं.”

यंत्र एकोणीस म्हणत होतं. मी आईचं धरलं.

मग तिनं विचारलं, की आता लिहिणार काय. मी सबनीसांचं वाक्य सांगितलं. तिनं ते शिक्षिकेसारखं एकदा मनात वाचून बघितलं.

“दूषित?” ती म्हणाली. “माझ्या करंड्यातला दात दूषित?”

ती इतकी दुखावली होती, की मला पुन्हा हसू आलं. मी तिला म्हणाले, की खरं लिहिलं तर इथे शेजारीपाजारी वाचतील, शाळेतल्या बाया विचारतील. तिनं सूप बाजूला ठेवलं. तिच्या वयाच्या बाया आता तीनच उरल्या आहेत, म्हणाली, आणि त्यांतल्या दोघींना ऐकू येत नाही.

त्यानंतरही मी आणखी सोळा दिवस घेतले. आईची भीती संपली होती. आता उरली ती माझी. बावीस वर्षांत माझ्या एकाही निबंधात दुरुस्ती छापावी लागली नव्हती. लोक मला तेवढ्यासाठीच ओळखत होते.

जूनच्या पहिल्या मंगळवारी बोरखळीला ग्रामसभा होती. सकाळी दहाची वेळ, शाळेचं सभागृह. सबनीसांनी स्वतःहून यायचं ठरवलं. बळीविषयी पत्रकारांसमोर आपण बोललो होतो, तेव्हा गावासमोरही आपणच उभं राहायला हवं, असं त्यांचं म्हणणं होतं. गाडीत त्यांनी निवेदन माझ्या हातात दिलं. त्यात तेच वाक्य होतं. खाली सहीची जागा मोकळी होती. वाटेत मी ते चार वेळा वाचलं आणि सही केली नाही. त्यांना काही बोललेही नाही.

सभागृहात सव्वाशे-दीडशे माणसं होती. पुढच्या सतरंजीवर मथाबाई, शेजारी त्यांची नात. सरपंचांनी नारळ-शाल उरकून घेतलं. एका म्हाताऱ्यानं मागून विचारलं, की शाल आम्ही देतोय ती बळीसाठी का. लोक हसले, सबनीसही हसले, पण त्यांचे कान लाल झाले.

त्यांनी निवेदन वाचलं. बोरखळीची चौदाही मुलं स्थानिक असल्याचं आता दिसून येत आहे. बळीच्या शक्यतेला कोणताही आधार उरलेला नाही. आधीचा निष्कर्ष एका दूषित नमुन्यामुळे, काही तांत्रिक कारणांनी, निघाला होता. संस्थेला खेद आहे.

काही लोकांनी टाळ्या वाजवल्या. मथाबाई सतरंजीवरून उठल्या, गुडघ्यावर हात ठेवून, सावकाश.

“तांत्रिक म्हंजी काय, साहेब?” त्या म्हणाल्या. “तवाबी यंत्रानं सांगितलं म्हनलात, आताबी यंत्रानंच सांगितलं म्हनता. उद्या तिसरंच सांगंल. माझ्या नातीनं कॉलेजात काय सांगायचं, कुणाचं चुकलं?”

सबनीस माझ्याकडे न बघता कागद चाळू लागले. ते माझं नाव घेणार नव्हते. तेवढे ते भले आहेत. मी गप्प बसले असते तर सभा पाच मिनिटांत चहावर गेली असती.

मी उभी राहिले. माझा आवाज कसा निघेल याची मला काळजी होती. तो नेहमीसारखाच निघाला.

“यंत्राचं काही चुकलं नाही, मथाबाई, आणि तो दातही दूषित नव्हता. तो माझा होता. मी ब्रह्मपुरीला जन्मले असं समजून मी त्याच्यावरून सगळी मापं बसवली. पण मी तिथे जन्मले नाही, मी दत्तक आहे. चूक माझी आहे. ती चौदा मुलं या गावातली, आपापल्या आईच्या घरातली आहेत, आणि माझा अहवाल मी हे कारण लिहून, माझ्या नावानं मागे घेते आहे.”